ड्यूक बसून खातात

डेम बार्बारा कार्टलंड 21 मे 2000 रोजी वारल्या, तेव्हा त्या 98 वर्षांच्या होत्या. मोजणाऱ्यांच्या हिशेबानं बाईंनी 723 पुस्तकं लिहिली. लेखक गेला की निदान त्याचं लेखन तरी थांबतं, हा समीक्षकांचा शेवटचा दिलासा असतो. बाईंनी तोही ठेवला नाही. जाताना त्यांनी 160 कादंबऱ्यांची हस्तलिखितं मागं ठेवली. चिरंजीवांनी त्यांना बाईंच्या आवडत्या रंगावरून 'पिंक कलेक्शन' असं नाव दिलं आणि महिन्याला एक याप्रमाणे ती बाहेर काढायला घेतली. 160 ला 12 नं भागा. तेरा वर्षं पुरून वर चार महिने उरतात. आपल्याकडे हयात आणि धडधाकट लेखकाची 'आगामी' कादंबरी दिवाळी अंकातल्या जाहिरातीत वर्षानुवर्षं आगामीच राहते. इथं बाई स्वर्गात आणि कादंबरी वेळेवर.

बाईंचा धंदा ऐतिहासिक प्रेमकथांचा. आपल्या ऐतिहासिक कादंबरीत नायक घोड्यावर असतो, घोडा गडाच्या वाटेवर असतो आणि पाठीमागं गनीम असतो. नायिका पंचारती घेऊन दारात येते, ओवाळते आणि पुढची दोनशे पानं तिचा पत्ता नसतो. इंग्रजांच्या या प्रकारात सगळं उलटं. गनीम नाही, गड नाही, मोहीम नाही. नायिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हजर, आणि नायकाला तिच्या मागं हिंडण्याखेरीज दुसरा उद्योग नाही. काळ बहुतेक वेळा रीजन्सीचा, म्हणजे 1811 ते 1820. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला म्हणून त्याच्या मुलानं कारभार पाहिला, ती नऊ वर्षं. नेपोलियनशी युद्ध, महागाई, यंत्रं फोडणारे मजूर हे सगळं त्याच नऊ वर्षांत घडलं, पण त्या मंडळींना कादंबरीच्या फाटकातून आत सोडत नाहीत. आत फक्त ड्यूक.

खऱ्या इतिहासात तेव्हा ब्रिटनमध्ये राजघराण्याबाहेरचे ड्यूक असतील पंचवीस-तीस. त्यांतले बरेच उतारवयाचे, विवाहित आणि पायाच्या अंगठ्याला संधिवात झालेले. कादंबऱ्यांत ड्यूक पायलीला पन्नास, सगळे तिशीतले, सगळे बिनलग्नाचे, आणि एकाचाही दात पडलेला नाही.

या ड्यूकचा दिनक्रम बघा. सकाळी अकराला उठायचं. नोकर गळपट्टा बांधणार. तीन गळपट्टे चुरगळून फेकले की चौथा मनासारखा बसणार. मग व्हाइट्स क्लबात जाऊन खिडकीत बसायचं, टॅटरसॉलकडे घोडे बघायचे, बाँड स्ट्रीटवर जॅक्सनच्या आखाड्यात दोन ठोसे मारायचे, रात्री नाचाला जाऊन खांबाला टेकून कंटाळायचं. बस. इस्टेटीचं उत्पन्न आपोआप येतं, हिशेब कारभारी बघतो. तीनशे पानांत हा गृहस्थ एकदाही कामावर जात नाही. आणि त्याला असं बसून खाता यावं म्हणून एक बाई कुठंतरी रात्रंदिवस राबत असते. तिच्या दारात बग्गी नसते, गळपट्टा बांधायला नोकर नसतो, आणि तिच्या मानेवर सदैव प्रकाशकाची तारीख असते. या धंद्यातली सगळ्यात गमतीची गोष्ट मला हीच वाटते. नायकाला एक दिवस काम नाही, लेखिकेला एक दिवस सुट्टी नाही.

कार्टलंडबाईंची दुपार हा त्या राबण्याचा कळस. दुपारचं जेवण झालं की त्या लायब्ररीतल्या सोफ्यावर आडव्या होत. अंगावर फरची शाल, पायाशी गरम पाण्याची पिशवी, कुशीत कुत्रा. जेवणानंतर आडवं होण्याची ही पद्धत आपल्याकडे पुण्यात मान्यताप्राप्त आहे, पण तिथून पुढं पुणेकर झोपतो. बाई डोळे मिटून बोलायला लागत. मागं खुर्चीवर सेक्रेटरी लघुलिपीत उतरवून घ्यायला सज्ज. दोनेक तासांत सहा-सात हजार शब्द, म्हणजे एक प्रकरण पुरं. साधारण दोन आठवड्यांत कादंबरी पुरी. चहाच्या वेळेला ड्यूकचं एका प्रकरणापुरतं भागलेलं असे. प्रस्तुत लेख अडीच हजार शब्दांचा आहे. तो लिहायला किती दिवस लागले ते मी सांगणार नाही.

1976 साली, म्हणजे पंचाहत्तरीत, बाईंच्या 23 कादंबऱ्या आल्या आणि गिनेसच्या बुकात नोंद झाली. आपल्याकडे पंचाहत्तरीला सत्कार होतो, गौरवग्रंथ निघतो, आणि सत्कारमूर्ती 'आता थोडं आत्मचरित्राचं बघावं म्हणतो' असं म्हणतात. बाईंनी त्यानंतर दोनच वर्षांनी रॉयल फिलहार्मोनिकच्या साथीनं स्वतःच्या आवाजात प्रेमगीतांची तबकडीसुद्धा काढली. ती ऐकणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

एवढं लिहायचं तर काटकसर आली. बाईंची काटकसर परिच्छेदात दिसते. दोन ओळी, फार तर तीन, की परिच्छेद संपला. पान भरल्याचं समाधान मिळतं आणि वाचकाला दम लागत नाही. दुसरी काटकसर नायिकेच्या बोलण्यात. ती निष्पाप असते, लाजरी असते, लग्नाआधी नायकाला चार हात लांब ठेवते आणि प्रेम कबूल करताना दर शब्दानंतर तिला धाप लागते. म्हणून तिच्या वाक्यांत शब्दांपेक्षा टिंबं जास्त. साऱ्या पुस्तकांतली ही टिंबं एका ओळीत मांडली तर इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघून फ्रान्सला सहज टेकतील, असा माझा अंदाज आहे.

आपल्याशीही बाईंचा एक धागा आहे. आपले शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन त्यांचे स्नेही होते, आणि 'लव्ह ॲट द हेल्म' या आरमारी कादंबरीला त्यांनी माहिती पुरवली. फाळणीचं कामकाज काही आठवड्यांत उरकणारा माणूस दोन आठवड्यांत कादंबरी उरकणाऱ्या बाईंना मानत असेल, यात नवल नाही.

आता जॉर्जेट हेयर. हा सगळा रीजन्सीचा संसार ज्यांनी मांडला त्या याच. जन्म 1902. आजारी भावाच्या करमणुकीसाठी रचलेली गोष्ट 1921 मध्ये 'द ब्लॅक मॉथ' म्हणून छापून आली, तेव्हा वय एकोणीस. मग लग्न झालं. नवरा खाणींचा इंजिनिअर, त्यामुळे संसार आधी टांगानिकात आणि मग मॅसिडोनियात. लंडनच्या नाचघरांतल्या झुंबरांची वर्णनं लिहिणाऱ्या बाई टांगानिकात गवताच्या झोपडीत राहत होत्या. 1926 मध्ये 'दीज ओल्ड शेड्स' आलं ते इंग्लंडमधल्या सार्वत्रिक संपात. वर्तमानपत्रं बंद, जाहिरात नाही, परीक्षण नाही. तरी पुस्तकाच्या 1,90,000 प्रती गेल्या. बाईंनी यावरून एक सोयीस्कर निष्कर्ष काढला आणि तो मरेपर्यंत पाळला: पुस्तक खपायला लेखकानं तोंड दाखवावं लागत नाही. जन्मभर एकही मुलाखत दिली नाही. मिसेस रूझिए या नावानं वाणसामान आणायच्या. ती बाई म्हणजे हेयर, हे बहुतेक वाचकांना मृत्युलेखातच कळलं. हल्ली पुस्तक येण्याआधी सहा महिने लेखकाचं तोंड येतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

हेयरबाईंचं राबणं वेगळ्या तऱ्हेचं. घरात हजाराच्या वर संदर्भग्रंथ आणि टिपणांच्या वह्या: तपकिरीच्या डब्या कशा, मेणबत्त्या काय भावानं, कुठल्या साली बाह्या फुगल्या आणि कुठल्या साली बसल्या. हे सगळं ड्यूकला आयतं मिळतं. समजा त्याच्या बहिणीला कुणा लफंग्याबरोबर पळून जायचं आहे. वाचकाला ते अर्ध्या पानाचं काम वाटतं. लेखिकेला आधी कायदा बघावा लागतो. 1753 च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये 21 वर्षांखालच्या मुलीला बापाच्या संमतीवाचून लग्न करता येईना. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता, म्हणून पळायचं ते सरहद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला. लंडनपासून तीनशेच्या वर मैल. बग्गीला घोडे चार, दर दहा-पंधरा मैलांवर ते बदलायचे, त्याचे पैसे वेगळे, घोड्यावर बसणाऱ्या पोऱ्यांची बक्षिशी वेगळी, नाक्यानाक्यावर टोल वेगळा. मुक्काम करावा तर खानावळवाली संशयानं बघणार. न करावा तर प्रियकर दुसऱ्या दिवशी दाढी वाढलेला, चिडचिडा आणि नकोसा दिसणार. एवढ्या पैशांची तजवीज असती तर तो लफंगा कशाला झाला असता? बाई हा हिशेब आधी कागदावर करणार, आणि मग एका ओळीत लिहिणार की पहाटे बग्गी दारातून निघाली.

शिवाय मानपान. ड्यूकच्या धाकट्या मुलाला पहिल्या नावापुढं 'लॉर्ड' लागतं, अर्लच्या धाकट्या मुलाला बोलताना काहीच लागत नाही, मुलीला मात्र 'लेडी' लागतं. सरदाराची विधवा, सरदाराची आई आणि सरदाराची बायको एका घरात नांदत असल्या तर कुणाला काय म्हणायचं आणि जेवायला जाताना कोण पुढं, यात चूक झाली की वाचकांची पत्रं येतात. आपल्या लग्नातल्या विहीणबाई परवडल्या. त्या निदान एका दिवसात घरी जातात.

1950 साली एका वाचक बाईंनी हेयरबाईंना कळवलं की तुमची माणसं, तुमची नावं आणि तुमचे प्रसंग कार्टलंडबाईंच्या कादंबऱ्यांत हिंडताना दिसताहेत. हेयरबाईंनी ती पुस्तकं मागवून वाचली, आणि कुठून काय उचललंय असं आपल्याला वाटतं याची तपशीलवार नोंद वकिलाकडे धाडली. प्रकरण कोर्टाची पायरी चढलं नाही. चरित्रकारांनी उजेडात आणलेली त्या वेळची पत्रं वाचली की एक मजा लक्षात येते. बाईंना उचलेगिरीचा राग होताच, पण त्याहून जास्त राग होता तो त्या काळाच्या माहितीत केलेल्या घोडचुकांचा. न्यायचंच होतं तर नीट तरी न्यायचं!

चुका करायला हा काळ फारच सोयीचा आहे. नायकानं अंधारात काडी ओढली की मेला; घासून पेटणारी काडी जॉन वॉकर नावाच्या औषधविक्यानं विकायला आणली 1827 मध्ये. तोवर चकमक झाडत बसा, आणि तोवर नायिका निघून गेली तर गेली. 1816 च्या जुलैत हिरवळीवर सहल काढली तरी गचके खाणार. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि 1816 चा उन्हाळा युरोपात आलाच नाही. सहलीतल्या त्या प्रसिद्ध चुंबनाला सर्दी होणार. 1817 च्या हिवाळ्यात नायिकेला गुलाबी झग्यात नाचवाल तर तेही नाही, कारण 6 नोव्हेंबरला राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली आणि देशभर सुतक पडलं. दुकानांतलं काळं कापड संपलं. त्या साली प्रेम करायचं ते काळ्या कपड्यांत.

ही तारीख वाचून मी थबकले, कारण तिच्या आदल्याच दिवशी, 5 नोव्हेंबर 1817 ला, आपल्याकडे खडकीची लढाई झाली. 17 तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. तिकडे ड्यूक खांबाला टेकून कंटाळत होता तेव्हा इकडे पेशवाई बुडत होती, आणि या दोन गोष्टींचा संबंध नाही असं समजू नये. कादंबरीत मधूनच एक काका उगवतात. वर्ण रापलेला, यकृत बिघडलेलं, खिसा गरम. पुतणीला काश्मिरी शाल देतात, कर्ज फेडतात आणि सोयीनं मरतात. पैसा कुठून आणला म्हणाल, तर 'हिंदुस्थानातून' एवढ्या एका शब्दात लेखिका उरकून टाकते. ज्यांच्या खिशातून गेला त्यांच्या पणतवंडांनी पुढं या कादंबऱ्या लायब्ररीतून भाड्यानं आणून वाचल्या, म्हणजे पैसे दोनदा दिले.

या ड्यूकांच्या गर्दीत नोकरीवर जाणारा म्हणावा असा एकच, वेलिंग्टन. त्याची उमेदवारी आपल्याकडची. 23 सप्टेंबर 1803 ला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, त्यानं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. तेव्हा तो ड्यूक नव्हता, साधा आर्थर वेलस्ली होता, आणि वॉटर्लू जिंकल्यानंतरही आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून तो असईचंच नाव घेई. हेयरबाईंनी त्याची छापील पत्रं आणि खलिते पिंजून 1937 मध्ये 'ॲन इन्फेमस आर्मी' लिहिलं. त्यातलं वॉटर्लूचं वर्णन इतकं चोख की सँडहर्स्टच्या लष्करी प्रबोधिनीत त्याचा उपयोग झाला. ड्यूक कामावर गेला की लेखिकेला दुप्पट काम पडतं, असं दिसतं.

हल्लीच्या लेखिकांचे हाल आणखी निराळे. ज्युलिया क्विन यांचं उदाहरण घ्या. हार्वर्डमधून कलेचा इतिहास शिकल्या, येलच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवला आणि काही महिन्यांत तो सोडून ड्यूक लिहायला बसल्या. ही वाक्यं कुठल्याही मराठी आईबापांसमोर मोठ्यानं वाचू नयेत. मेडिकलची सीट, आणि सोडली! 'क्विन' हे आडनावही टोपणच. दुकानात पुस्तकं आडनावाच्या वर्णक्रमानं लावतात, तेव्हा खपाच्या लेखिका अमांडा क्विक यांच्या शेजारी जागा मिळावी म्हणून ते निवडलं. त्या क्विक तरी कुठं क्विक आहेत! खरं नाव जेन ॲन क्रेंट्झ. वर्तमानकाळातल्या प्रेमकथा त्या नावानं, भूतकाळातल्या क्विकच्या नावानं आणि भविष्यकाळातल्या जेन कॅसल या तिसऱ्याच नावानं. एका बाईनं तिन्ही काळ वाटून घेतलेत, मधल्या सुट्टीला जागा नाही.

क्विनबाईंनी 2000 साली 'द ड्यूक अँड आय' काढलं आणि ब्रिजर्टन कुटुंबात आठ भावंडं ठेवली. अँथनी, बेनेडिक्ट, कॉलिन, डॅफ्नी, एलोईज, फ्रान्सेस्का, ग्रेगरी, हायसिंथ. आईनं बारसं बाराखडी लावून केलेलं. ही दूरदृष्टी व्यापाराची आहे. भावंडं आठ म्हणजे लग्नं आठ, लग्नं आठ म्हणजे पुस्तकं आठ. एकाच्या लग्नात दुसऱ्याला कोपऱ्यात उदास उभं करायचं, की पुढच्या पुस्तकाची जाहिरात झाली. आठही उजवून झाली तेव्हा वाचक हटून बसले. मग बाईंनी लग्नानंतरच्या हकिगती लिहिल्या, तेवढ्यानं भागेना म्हणून आधीच्या पिढीत शिरून शेजारच्या रोक्सबी घराण्याची चार लग्नं लावली. आपल्याकडे मुलं संपली की आईबाप सुटतात. इथं पणजोबांनासुद्धा पुन्हा बोहल्यावर चढावं लागतं.

अशा लेखिकेच्या टेबलावर एका वेळी चार पुस्तकं असतात. एक छापून आलेलं, ज्याच्यासाठी गावोगाव सह्या करत हिंडायचं. एकाची प्रुफं, त्यांत बारा नंबरच्या पानावर नायकाचे डोळे निळे आणि दोनशे चारवर हिरवे. तिसऱ्याचा खर्डा, तारीख उलटून गेलेला. आणि चौथं, ज्याची एक ओळही लिहिलेली नाही, पण नाव, मुखपृष्ठ आणि प्रकाशनाचा दिवस ठरलेला आहे आणि लोकांनी पैसे भरून ठेवले आहेत. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला घरी नवऱ्याशी धड दोन शब्द बोलायला फुरसत असते की नाही, याची मला दाट शंका आहे. मेरी बालो या कॅनडात शाळेत शिकवत आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हातानं लिहीत. एलोइझा जेम्स म्हणजे न्यूयॉर्कमधल्या फोर्डहॅम विद्यापीठातल्या शेक्सपिअरच्या प्राध्यापिका मेरी ब्लाय. शिक्षणाचं कर्ज फेडायला प्रेमकथा लिहू लागल्या आणि सहकाऱ्यांपासून 2005 पर्यंत लपवून ठेवलं. विद्यापीठात कर्ज असल्याची लाज नाही, खप असल्याची आहे. हे मात्र सगळीकडे सारखं.

लाजेचं अर्धं कारण मुखपृष्ठ. कथेत ड्यूक एवढे श्रम घेऊन गळपट्टा बांधतो आणि मुखपृष्ठावर त्याच्या अंगात धड सदरा नाही. फाबिओ नावाच्या एका केसाळ इटालियन मॉडेलनं अशा शेकडो मुखपृष्ठांवर छाती उघडी टाकली. 1999 मध्ये अमेरिकेत एका नव्या रोलर कोस्टरच्या उद्घाटनाला त्याला पहिल्या डब्यात बसवलं, आणि चालू फेरीत एक हंस येऊन त्याच्या नाकावर आदळला. हे मी रचलेलं नाही; रचलं असतं तर हंस निवडला नसता. दादर-पुण्याच्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांत ही मुखपृष्ठं यायची, तेव्हा वरून वर्तमानपत्राचा कागद चढवूनच ती घरात शिरत. फाबिओच्या छातीवर सकाळचा अग्रलेख.

डिसेंबर 2020 मध्ये ब्रिजर्टन मंडळी नेटफ्लिक्सवर आली, आणि वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक पुन्हा खपाच्या यादीत चढलं. 2022 च्या दुसऱ्या पर्वात तर नवल झालं. पुस्तकातली केट शेफील्ड अस्सल इंग्रज. पडद्यावर ती केट शर्मा झाली आणि सावत्र आई व धाकट्या एडविनासह थेट मुंबईहून लंडनला आली. का, तर एडविनाचं लग्न जमवायचं म्हणून. त्या काळी ऑलमॅक्सच्या नाचघरात कडक निवड करून उपवर मुलं-मुली एकमेकांसमोर उभी करत आणि खायला पातळ कापलेला पाव व लिंबूसरबत देत. कांदेपोह्यांचाच कार्यक्रम, फक्त पोहे वाईट. तर या एडविनाचे गुण सांगताना तिला लॅटिन आणि फ्रेंचबरोबर मराठी येतं, असं चक्क सांगितलं जातं. आम्ही घरातली चार माणसं आवाज वाढवून, कान टवकारून बसलो. मराठी मुलगी ड्यूकांच्या गावात गेलीय, निदान 'अगं बाई!' तरी म्हणेल. कानांना विश्रांतीच मिळाली. वडिलांना 'अप्पा' म्हणतात तेवढं आपलं धरायला हरकत नाही, पण थोरली धाकटीला बंगाल्यांसारखी 'बोन' म्हणते. 1814 साली मुंबईत हे घराणं नक्की कुठल्या आळीत राहत होतं, याचा शोध हेयरबाईंनी घेतला असता.

पण हेयरबाईंना वेळ कुठला! त्यांच्या आयुष्यातला खलनायक तपकिरीची डबी घेऊन आला नाही, प्राप्तिकराची नोटीस घेऊन आला. पुस्तकं धोधो खपायची, त्यावर सरकार धोधो कर लावायचं, तो भरायला नवं पुस्तक लिहायचं, ते आणखी खपायचं. करासाठी त्यांनी कंपनीसुद्धा काढून पाहिली. या सगळ्यात त्यांच्या मनात एक पुस्तक होतं, ज्याला त्या खरं काम मानत. पाचव्या हेन्रीचा भाऊ जॉन, बेडफर्डचा ड्यूक, पंधराव्या शतकातला. भाऊ गेल्यावर अज्ञान पुतण्यासाठी फ्रान्सचा कारभार ओढणारा, जन्मभर दुसऱ्याची खातेवही सांभाळणारा माणूस. त्याच्यावर तीन खंड लिहायचे होते. टिपणं काढली, मध्ययुगीन इंग्रजी शिकल्या, लिहायला बसल्या की कराचा हप्ता यायचा, आणि जॉनला बाजूला सारून पुन्हा एक खांबाला टेकणारा ड्यूक लिहावा लागायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. 4 जुलै 1974 ला बाई गेल्या. पुढच्या वर्षी 'माय लॉर्ड जॉन' छापून आलं, एकच खंड, तोही अर्धवट. राबणाऱ्या ड्यूकचं पुस्तक बसून खाणाऱ्या ड्यूकांनी पुरं होऊ दिलं नाही.

कार्टलंडबाईंचं कुठलंही एक वाचा. बाकीची वाचल्याचं पुण्य लागतं. हेयरबाईंचं मात्र निवडून वाचायचं, आणि सुरुवात करायची तर 1953 च्या 'कोटिलियन'पासून करा. त्याचा नायक फ्रेडी ड्यूक नाही, उंचापुरा नाही, देखणा नाही, डोक्यानं फार चलाख आहे असं घरचेही मानत नाहीत. कामधंदा तोही करत नाही, पण निदान इतरांची कामं निमूट करतो. लायब्ररीत नसेल तर रद्दीवाल्याकडे विचारा, आणि मुखपृष्ठाकडे बघू नका.